नेटवर्क बूट अडलंय? आधी पाणी कुठवर आलं ते बघा

रात्री लाइट आली की मोटर चालू करून आपण बारं द्यायला जातो. शेवटच्या सरीत पाणी पोचलं नाही तर कुणी मोटर खोलत बसत नाही. बॅटरी घेऊन पाटानं चालत जायचं, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि तिथंच फुटलेलं शोधायचं. सर्व्हर नेटवर्कवरून बूट करताना अडलं तर काम हेच असतं. पण पहिल्यांदा करणारा घाबरतो आणि बायोसच्या सेटिंग, केबल, फाइल असं सगळं एकदम बदलून बसतो. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण नवा केलेला कुठला, हेच कळेनासं होतं.

मी हे लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये शिकलो. वापरलेले चार रॅक सर्व्हर आले होते, एकालाही डीव्हीडी ड्राइव्ह नव्हता, आणि त्यांच्यानंतर लॅबमधली सगळी मशीन त्याच पद्धतीनं बसवायची होती. पहिला सर्व्हर उभा करायला तीन दिवस लागले. उरलेले तीन एका दुपारीत झाले. त्या तीन दिवसांत जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो. एक्स८६ (इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरचे) सर्व्हर आणि लिनक्स धरून चाललोय.

१. आधी साखळी डोक्यात बसवा

नेटवर्क कार्डात एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला पीएक्सई म्हणतात. इंटेलनं या पद्धतीची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केली आणि नेटवर्कवरून बूट होणारे बहुतेक सर्व्हर अजूनही त्याच वाटेनं जातात. क्रम असा:

केबलची लिंक मिळते. कार्ड नेटवर्कभर हाक मारतं, "मला आयपी द्या." डीएचसीपी सर्व्हर आयपी देतो, आणि सोबत दोन गोष्टी सांगतो: बूट फाइल कुठल्या मशीनवर आहे आणि तिचं नाव काय. कार्ड ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीनं ओढून घेतं. ती फाइल म्हणजे बूटलोडर, लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. तो आपली कॉन्फिग फाइल मागतो, मेनू दाखवतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) ओढतो. कर्नल सुरू झाला की इन्स्टॉलर पुन्हा स्वतःसाठी आयपी मागतो आणि बाकीचं सामान एचटीटीपीनं आणतो.

यातला "पुन्हा" हा शब्द लक्षात ठेवा. आयपी एकदाच मागितला जात नाही. कार्ड मागतं, आणि नंतर इन्स्टॉलर मागतो. पहिल्यांदा मिळाला म्हणून दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. माझा एक अख्खा दिवस यातच गेला.

२. जवळ काय काय ठेवायचं

- लिनक्स असलेला लॅपटॉप, लॅन पोर्टसह. यावर डीएनएसमास्क टाका. डीएचसीपी आणि टीएफटीपी ही दोन्ही कामं हा एकच प्रोग्रॅम करतो, म्हणून नवख्याला हाच बरा.
- टीसीपीडम्प किंवा वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम. याच्याशिवाय काम सुरूच करू नका.
- पाच पोर्टचा साधा स्विच, ज्याला कुठलीही सेटिंग नसते असा.
- कंपनीत तयार झालेल्या दोन पॅच कॉर्ड. हातानं क्रिम्प केलेली केबल चालते, पण शंका ठेवायला एक जागा वाढते.
- इन्स्टॉल करायच्या लिनक्सची आयएसओ फाइल आणि तिचा चेकसम (फाइल नीट उतरली का ते ताडायचा आकडा). ही आदल्या दिवशीच उतरवून, तपासून ठेवा. ऐन कामाच्या वेळी तालुक्याच्या इंटरनेटवर अडीच-तीन जीबी उतरवत बसू नका.
- सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर.
- सर्व्हरच्या मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीची नवी जोड, सीआर२०३२.
- वही आणि पेन. प्रत्येक बदल लिहायचा, वेळेसह.

बॅटरीचं थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडं लाइट जाते-येते, वापरलेले सर्व्हर महिनोन्‌महिने बंद पडून असतात, आणि ती बॅटरी बहुधा मेलेली असते. मग प्रत्येक वेळी लाइट गेली की बायोसमधली बूटची सेटिंग मूळ जागी जाते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागं जातं. काल चाललेलं आज चालत नाही आणि आपण स्विचला दोष देत बसतो. शिवाय घड्याळ मागं असेल तर इन्स्टॉलरला एचटीटीपीएसवरून काही घेताच येत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं समोरचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. काही रुपयांची बॅटरी आहे, आधी बदला.

३. पहिला प्रयोग कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या लॅनवर करू नका

लॅपटॉप, साधा स्विच, सर्व्हर. बस, एवढंच. त्या स्विचला बाहेरची कुठलीही केबल नको.

कारण सांगतो. आमच्या लॅबच्या लॅनवर ब्रॉडबँडचा राउटर होता आणि तोही डीएचसीपी देत होता. सर्व्हरनं हाक मारली की राउटर आणि माझा लॅपटॉप दोघंही उत्तर द्यायचे. कधी हे उत्तर आधी, कधी ते. राउटरचं उत्तर पकडलं की आयपी मिळायचा, पण बूट फाइलचं नाव नाही. सोबतचा विद्यार्थी विचारत होता, "सर, आयपी तर येतोय, मग फाइल का येईना?" दहापैकी चार वेळा चालतं आणि सहा वेळा नाही, असा प्रकार दिसला की दुसरा डीएचसीपी सर्व्हर कुठं लपलाय ते शोधा.

लॅपटॉपवरून थेट सर्व्हरला केबल लावायचाही मोह होतो. टाळा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की लिंक तुटते, लॅपटॉपवरचा नेटवर्क मॅनेजर "केबल निघाली" असं समजून पोर्टचा आयपी काढून टाकतो, आणि सर्व्हर हाक मारतो तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसतं. मध्ये स्विच असला की लॅपटॉपची लिंक टिकून राहते.

लॅन तोडता येतच नसेल, राउटरची सेटिंग दुसऱ्याच्या हातात असेल, तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीनं चालवा. त्यात आयपी राउटरच देतो, लॅपटॉप फक्त बूट फाइलची माहिती देतो. पण हा दुसऱ्या दिवशीचा धडा.

४. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी

सर्व्हर चालू केल्यावर सेटअपमध्ये जा. मोठे सर्व्हर स्वतःची तपासणी करायला काही मिनिटं घेतात, काळा पडदा दिसला म्हणून बटण दाबून बंद करू नका.

नेटवर्क स्टॅक किंवा पीएक्सई चालू आहे का बघा, आणि ज्या पोर्टला केबल लावली त्याच पोर्टसाठी चालू आहे का तेही बघा. चार पोर्टच्या सर्व्हरवर बहुतेकदा पहिल्याच पोर्टवर चालू असतं. फास्ट बूट असेल तर बंद करा. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) मोडमध्ये पीएक्सई आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पर्याय दिसतात, तुम्ही आयपीव्ही४ घ्या. आणि सर्व्हर यूईएफआय मोडमध्ये आहे की जुन्या बायोस मोडमध्ये, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहा. सातव्या पायरीवर याचंच काम पडणार आहे.

मॅक पत्त्याचा, म्हणजे नेटवर्क पोर्टच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा, एक सापळा. सर्व्हरवरच्या स्टिकरवर अनेकदा रिमोट मॅनेजमेंटच्या पोर्टचा मॅक छापलेला असतो. ते पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या आतला वेगळाच छोटा संगणक, सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो आणि स्वतःसाठी आयपी मागतो. लॉगमध्ये त्याचा आयपी दिसला की नवख्याला वाटतं, सर्व्हरला आयपी मिळाला. मॅक पत्ता पीएक्सईच्या स्क्रीनवरूनच उतरवून घ्या.

५. स्क्रीनवरचा कोड वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा

संदेश दोन-तीन सेकंदच दिसतो. व्हिडिओ चालू ठेवा आणि नंतर थांबवून वाचा. जुन्या बायोस पद्धतीत नेहमी भेटणारे कोड:

- ई६१: केबलची लिंक नाही. लाइट बघा, केबल बदला, पोर्ट बदला.
- ई५१: आयपी देणारं कुणीच सापडलं नाही.
- ई५३: आयपी मिळाला, बूट फाइलचं नाव मिळालं नाही.
- ई३२: नाव मिळालं, पण टीएफटीपी सर्व्हर उत्तर देत नाही.
- टी०१ किंवा ई३बी: टीएफटीपी सर्व्हर सापडला, त्या नावाची फाइल तिथं नाही.

यूईएफआयमध्ये आकडे वेगळे. ई१६ म्हणजे आयपीचा प्रस्ताव आला नाही, ई१८ म्हणजे सर्व्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही, ई२३ म्हणजे टीएफटीपी सर्व्हरनं चूक कळवली.

कोड म्हणजे पाणी कुठवर आलं त्याची खूण. ई५३ आला तर केबलला हात लावायचं कारणच नाही, पाणी तिच्या पुढं गेलंय.

६. आयपीच येत नाही

लॅपटॉपवर टीसीपीडम्प सुरू करा, लॅनचा इंटरफेस निवडा आणि यूडीपीचे ६७, ६८, ६९ हे पोर्ट पकडा. मग सर्व्हर रीस्टार्ट करा. आता तीनच शक्यता आहेत.

हाकच दिसत नाही: पॅकेट लॅपटॉपपर्यंत येतच नाही. केबल, पोर्ट, व्हीलॅन (स्विचवर एकमेकांपासून वेगळे केलेले लॅन) तपासा.

हाक दिसते, आपलं उत्तर दिसत नाही: डीएनएसमास्क बंद आहे, दुसऱ्या इंटरफेसवर ऐकतोय, किंवा लॅपटॉपच्या फायरवॉलनं ६७ अडवलाय. पूर्ण फायरवॉल बंद करून बघण्यापेक्षा ६७, ६९ आणि प्रॉक्सी पद्धत असेल तर ४०११ हे यूडीपी पोर्ट उघडा. एचटीटीपीसाठी टीसीपीचा ८० लागेल.

हाक दिसते, उत्तरही दिसतं, तरी सर्व्हर ई५१ म्हणतो: उत्तर परतीच्या वाटेवर मरतंय, किंवा उशिरा पोचतंय.

हा उशीर नीट समजून घ्या, कारण साध्या स्विचवर चाललेला सर्व्हर रॅकमधल्या मोठ्या स्विचवर नेला की बिघडतो तो बहुधा इथंच. सेटिंग असलेले स्विच नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री चालवतात. पोर्टला लिंक मिळाली की जुन्या पद्धतीत स्विच १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मग पॅकेट सोडतो. तीस सेकंद पोर्ट मुका. पीएक्सईच्या नियमाप्रमाणे कार्ड ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबून हाका मारतं, म्हणजे एकूण एक मिनिट, तेव्हा कसंबसं निभतं. पण काही कार्डं त्याआधीच माघार घेतात. आणि खरी अडचण पुढं आहे: कर्नल सुरू होताना नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नव्यानं लागतो, लिंक एकदा तुटते, आणि स्विचचे तीस सेकंद पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कार्डाला आयपी मिळतो आणि इन्स्टॉलरला मिळत नाही. उपाय म्हणजे सर्व्हरच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट बघणं टाळणारी सेटिंग, लावणं, काही कंपन्यांच्या स्विचवर त्याला एज पोर्ट म्हणतात. स्पॅनिंग ट्री सगळीकडं बंद करू नका, एक चुकीची केबल लागली तर अख्खं कॅम्पस बसेल.

रॅकमध्ये आणखी दोन गोष्टी नडतात. सर्व्हरची दोन पोर्ट जोडून एक केली असतील आणि स्विच एलएसीपीची, म्हणजे ही जोडणी ठरवणाऱ्या संदेशांची, वाट बघत असेल, तर बूटच्या वेळी कार्ड एलएसीपी बोलत नाही आणि स्विच पोर्ट बाजूला ठेवतो. स्विचवर एलएसीपी फॉलबॅक लावा किंवा इन्स्टॉलपुरता तो गट मोडा. दुसरं, पीएक्सई साधारणपणे टॅग नसलेली पॅकेटं टाकतं. पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा) असेल तर इन्स्टॉलचं व्हीलॅन त्याचं नेटिव्ह, म्हणजे टॅग नसलेलं, व्हीलॅन हवं. डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असेल तर राउटरवर रिले (हाक पुढं पोचवणारी सोय) लागतोच, कारण ही हाक व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही.

७. आयपी येतो, फाइल येत नाही

डीएचसीपीच्या उत्तरात बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव, दोन्ही आहेत का ते पकडलेल्या पॅकेटमध्ये बघा. पर्याय ६६ आणि ६७ हे त्यांचे आकडे. पत्ता लिहिला नाही तर बरीच कार्डं डीएचसीपी सर्व्हरलाच टीएफटीपी सर्व्हर समजतात, आणि दोन्ही एकाच लॅपटॉपवर असेपर्यंत ही चूक झाकून राहते.

नंतर फाइल. फाइलचा मार्ग टीएफटीपीच्या मूळ फोल्डरपासून लिहायचा, डिस्कच्या मुळापासून नाही. लिनक्सला लहान आणि मोठी लिपी वेगळी, एक अक्षर चुकलं की टी०१. फाइल सगळ्यांना वाचता येण्यासारखी हवी. रेड हॅटच्या घरातल्या लिनक्सवर एसई-लिनक्स, म्हणजे फाइलवरचं लेबल बघून वाचू देणारी सुरक्षा, असतो. फाइल डाउनलोडच्या फोल्डरमधून हलवून आणली तर जुनं लेबल तिच्यासोबतच येतं आणि परवानग्या बरोबर असूनही वाचू दिली जात नाही. रीस्टोअरकॉन चालवलं की लेबल सुधारतं.

खात्री करायला दुसऱ्या लॅपटॉपवरून टीएफटीपीनं तीच फाइल ओढून बघा. इथंही सापळा आहे. मागणी ६९ वर जाते, पण सर्व्हर उत्तर नव्याच पोर्टवरून देतो. त्या दुसऱ्या लॅपटॉपची फायरवॉल ते उत्तर अनोळखी समजून टाकून देते, आणि आपण चांगल्या सर्व्हरला बिघडलेला समजतो. सर्व्हर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर तिथंही हेच होतं.

आता ती मोठ्या अक्षरातली नोंद. जुन्या बायोससाठी पीएक्सई-लिनक्स या बूटलोडरची फाइल, यूईएफआयसाठी ईएफआय फाइल. एकाची दुसऱ्याला चालत नाही. फाइल उतरते, आणि लगेच काहीही न बोलता सर्व्हर पुढच्या बूट पर्यायावर जातो, असं दिसलं की आधी हेच तपासा. दोन्ही प्रकारची मशीन असतील तर कार्ड आपली जात पर्याय ९३ मध्ये सांगतं: शून्य म्हणजे बायोस, सात म्हणजे ६४ बिटी यूईएफआय. डीएनएसमास्कमध्ये त्यावरून वेगवेगळी फाइल देता येते.

सिक्युअर बूट (सही नसलेलं बूट होऊ न देणारी सोय) चालू असेल तर सही असलेली शिम फाइल आधी द्यावी लागते, आणि शिम, ग्रब (बूटलोडर), कर्नल हे तिन्ही एकाच लिनक्सचे हवेत. एकाची शिम आणि दुसऱ्याचा कर्नल घेतला की सही चुकीची असल्याचा संदेश येतो.

८. बूटलोडर आला, पुढं सरकेना

ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट दिसतोय? म्हणजे ग्रब पोचला, त्याची कॉन्फिग फाइल सापडली नाही. टीएफटीपीचा लॉग उघडा, ग्रबनं कुठल्या मार्गावर फाइल मागितली ते तिथं लिहिलेलं असतं. फाइल नेमकी त्याच जागी ठेवा. अंदाज लावायची गरज नाही.

पीएक्सई-लिनक्स वापरत असाल आणि एलडीलिनक्स नावाच्या फाइलवर अडत असेल, तर ती शेजारी नाही किंवा वेगळ्या आवृत्तीची आहे. सिसलिनक्सच्या पाचव्या आवृत्तीपासून ती लागतेच. दोन्ही फाइल एकाच पॅकेजमधून घ्या.

रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणत कर्नल पॅनिक झाला तर बहुधा इनिटआरडी आलीच नाही किंवा अर्धवट आली. चेकसम ताडून बघा. टीएफटीपी एक तुकडा पाठवून पोच मिळेपर्यंत थांबतं, मूळ तुकडा ५१२ बाइटचा, म्हणून मोठ्या फाइलला ते फार हळू. कर्नल आणि इनिटआरडी एचटीटीपीनं घेता येत असेल तर घ्या, वेळ तर वाचतोच, अर्धवट फाइलचा त्रासही कमी होतो.

९. इन्स्टॉलर सुरू झाला, मग थांबला

अनेक पोर्ट असतील तर इन्स्टॉलर चुकीच्या पोर्टवर आयपी शोधत बसतो. पोर्ट कर्नलच्या ओळीत सांगून टाका, किंवा बूटलोडरला मॅक पत्ता पुढं द्यायला लावा.

उबुंटूचा आताचा सर्व्हर इन्स्टॉलर नेटवर्कवरून पूर्ण आयएसओ रॅममध्ये उतरवतो. ४ जीबी रॅमवर तो गुदमरतो आणि जागा नाही म्हणून थांबतो. मी ८ जीबीच्या खाली प्रयत्नच करत नाही. डेबियनमध्ये कर्नलचे मॉड्यूल सापडले नाहीत असा संदेश आला तर तुमच्या नेटबूटच्या फाइल जुन्या झाल्यात, नव्या उतरवा.

वापरलेल्या सर्व्हरसाठी हे आधीच बघा: रेड हॅट ९ आणि त्याच्या घरातल्या लिनक्सला प्रोसेसर एक्स८६-६४ च्या दुसऱ्या पातळीचा (पातळी म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा टप्पा) लागतो, रेड हॅट १० ला तिसऱ्या पातळीचा. प्रोसेसर जुना असेल तर सगळी साखळी बरोबर असूनही इन्स्टॉलर सुरू होताच कोसळतो, आणि आपण नेटवर्क धुंडाळत राहतो. अल्मालिनक्सनं दहाव्या आवृत्तीची दुसऱ्या पातळीसाठी वेगळी बांधणी दिलेली आहे, जुन्या सर्व्हरला ती घ्या.

१०. इन्स्टॉल संपल्यावर लगेच

आधी बूटचा क्रम बदला, डिस्क पहिली करा. आपोआप इन्स्टॉल होणारी फाइल लावली असेल आणि नेटवर्क पहिल्या क्रमांकावर राहिलं, तर रीस्टार्ट झाल्याबरोबर सर्व्हर स्वतःला पुसून पुन्हा इन्स्टॉल करायला लागतो. आज रिकामा आहे म्हणून नुकसान नाही. सहा महिन्यांनी त्याच्यावर विद्यार्थ्यांचे निकाल असतील आणि रात्री लाइट जाऊन येईल, तेव्हा असेल. म्हणून मेनूचा आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी "डिस्कवरून बूट करा" हाच ठेवा, आणि इन्स्टॉल मुद्दाम कळ दाबल्याशिवाय सुरू होऊ देऊ नका. दुसऱ्या डिस्कवर डेटा असेल तर इन्स्टॉलच्या आधीच ती बाहेर काढून ठेवा.

मग वहीतली नोंद पक्की करा: सर्व्हरचा मॅक, मोड, वापरलेली फाइल, स्विचचा पोर्ट, स्विचवर केलेला बदल. एक प्रत रॅकच्या दारावर आतून चिकटवा.

शेवटी लॅपटॉपवरचा डीएनएसमास्क थांबवा आणि लॅपटॉप सुरू होताना तो आपोआप सुरू होणंही बंद करा. नाहीतर उद्या हाच लॅपटॉप ऑफिसच्या लॅनला लावाल, आणि अकाउंट्सच्या मशीनना तुमच्या लॅपटॉपचे आयपी मिळायला लागतील.